नकाशा घडीवरच का फाटतो, आणि कापडाचं अस्तर नेमकं काय करतं

खूप वापरलेला कागदी नकाशा उजेडासमोर धरून बघा. कडा बहुधा शाबूत असतात. भोकं दिसतात ती आत, उभी घडी आणि आडवी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे. आधी सुईच्या टोकाएवढं, मग तांदळाच्या दाण्याएवढं. पुढे त्या भोकातून घडीच्या रेषेवर चीर धावत जाते आणि एक दिवस नकाशा उघडावा तर अर्धा हातात, अर्धा खाली.

यावरचा जुना उपाय म्हणजे नकाशाच्या पाठीला कापड चिकटवणं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात प्रवासासाठी घेतलेले चांगले नकाशे बऱ्याचदा कापडावर चढवलेले असत, आणि त्यांतले कितीतरी आजही उघडले की नीट पसरतात. पण याच्या अगदी उलट गोष्टही तितकीच खरी आहे. मोठ्या ग्रंथालयांतले जतनतज्ज्ञ आज जुन्या नकाशांच्या पाठीवरचं तेच कापड चिकाटीने, धागा धागा करून सोडवत बसतात. मग कापड लावणं चांगलं की वाईट? कागद, कापड आणि त्यांना जोडणारी खळ या तिघांचं आपसात काय चालतं ते समजून घेतलं, तर दोन्ही बाजू बरोबर का आहेत हे कळतं.

## घडीवर कागदाचं काय होतं

कागद विणलेला नसतो. वनस्पतींचे बारीक तंतू पाण्यात मिसळून ते जाळीवर बसवतात, पाणी निथळतं, आणि वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात. त्यांना धरून ठेवणारं दुसरं काही फारसं नसतं. आडव्यातिडव्या पडलेल्या तंतूंचा तो एक पातळ थर असतो.

घडी घातली की बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि आतल्या बाजूचे चेपले जातात. काही तुटतात, काहींची पकड सुटते. नकाशा उघडून पुन्हा मिटला की त्याच रेषेवर, त्याच तंतूंवर पुन्हा तोच भार. कागदाची घडी-सहनशक्ती मोजायची यंत्रं असतात. त्यांतलं एक प्रसिद्ध यंत्र ताणून धरलेली कागदाची पट्टी दोन्ही बाजूंना १३५ अंशांत वाकवत राहतं आणि किती फेऱ्यांनी ती तुटली ते मोजतं. नकाशा वापरणारा माणूस नकळत हीच चाचणी घेत असतो.

मग भोक फुलीवरच का पडतं? एक कोरा कागद चार पदरी दुमडा, पुन्हा उघडा आणि मध्यबिंदूकडे नीट बघा. तिथे चार घड्या मिळतात. त्यांतल्या तीन एका बाजूला वळलेल्या असतात आणि चौथी उलट बाजूला. कागद सपाट दुमडायचा असेल तर भूमितीत दुसरा पर्यायच नाही. त्यामुळे त्या एका बिंदूवरचा कागद दोन विरुद्ध दिशांना ओढला जातो, शिवाय चार पदरांची जाडीही त्यानेच सोसायची असते. नकाशा तिथे फाटतो यात वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा क्वचितच असतो.

यात वयाची भर पडते, पण ती वाटते तशी सरळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः सुती आणि लिननच्या (जवसाच्या धाग्याच्या) चिंध्यांपासून होत असे. त्याचे तंतू लांब आणि चिवट असत. नंतर लाकडाचा लगदा आला, आणि शाई पसरू नये म्हणून कागदात तुरटी-राळ घालण्याची पद्धत रुळली. त्यातून कागदात आम्ल तयार होतं आणि ते तंतूंची आतली लांब साखळी हळूहळू तोडत राहतं. म्हणून दोनशे वर्षांचा नकाशा लवचीक आणि शंभर वर्षांचा नकाशा पापडासारखा मोडणारा, असं सर्रास दिसतं. आपल्या हातातला नकाशा किती जुना आहे यापेक्षा तो कशाचा बनला आहे हे आधी बघावं.

## कापड कागदाला मजबूत करतं का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. कापड चिकटवलं तरी घडीवरचा कागद मोडायचा तो मोडतोच. कापडाचं काम वेगळं आहे.

दाराचं उदाहरण घ्या. दाराची फळी कितीही भक्कम असली तरी ती स्वतः वाकून दार उघडत नाही. वाकण्याचं काम बिजागरी करते. साध्या नकाशात घडीची रेषा हीच बिजागरी, आणि ती फळीच्याच सामानाची, म्हणजे कागदाची केलेली. कापडाची वीण मात्र वाकण्यासाठी उत्तम. पिळलेले धागे एकमेकांवरून किंचित सरकतात, घडीचा भार एका रेषेवर साचू न देता आजूबाजूला वाटून घेतात. पाठीला कापड आलं की वाकण्याचं काम कापडाकडे जातं आणि माहिती दाखवण्याचं काम कागदाकडे राहतं. कागद घडीवर चिरला तरी दोन्ही कडा आपल्या जागी बसून राहतात.

या पाठीमागच्या थराला पुढे मी नुसतं ‘अस्तर’ म्हणेन. कपड्याच्या अस्तरासारखंच ते आत राहून झीज सोसतं.

## आधीच कापून ठेवलेला नकाशा

घडीवर कागद मोडणारच असेल, तर तो आपणच आधी नीट का कापू नये? जुन्या कारागिरांनी हा विचार शेवटपर्यंत नेला. घडीच्या रेषांवर नकाशा सरळ कापायचा, ते आयताकृती तुकडे एकाच कापडावर ओळीने चिकटवायचे आणि दोन तुकड्यांत साधारण २ ते ३ मिलिमीटर फट सोडायची. घडी फक्त त्या फटीत, म्हणजे निव्वळ कापडावर पडते. कागद कधी वाकतच नाही. मला ही सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी कल्पना वाटते.

फट एवढी का? नकाशा आत आणि कापड बाहेर अशी घडी घातली की कापडाला दोन्ही तुकड्यांच्या जाडीला वळसा घालावा लागतो. फट नसेल तर कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि तुकडे कडेपासून सुटू लागतात.

ब्रिटनची नकाशे करणारी सरकारी संस्था, ऑर्डनन्स सर्व्हे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकच नकाशा साधा कागदी, कापडावर चढवलेला आणि तुकडे करून कापडावर चढवलेला अशा वेगवेगळ्या रूपांत विकत असे. वापरणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे निवडायचं. जाता जाता सांगायला हवं, की चित्रांचे तुकडे जुळवण्याचा खेळही नकाशांतूनच आला. लंडनचे नकाशाकार जॉन स्पिल्सबरी यांनी १७६०च्या दशकात नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवर कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. हेतू वेगळा, पण कापलेला नकाशा पुन्हा जुळतो हा विश्वास तोच.

तुकड्यांच्या नकाशावर अंतर मोजताना मात्र फटी वजा कराव्या लागतात. नकाशाचं प्रमाण १:५०,००० असेल, तर २ मिलिमीटरची एक फट म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. तीन फटी ओलांडून मोजपट्टी लावली की ३०० मीटरची चूक झालीच.

## ओला कागद वाढतो

अस्तर लावण्यात फसणारे बहुतेक जण इथे फसतात. खळीत पाणी असतं आणि पाणी लागलं की कागद वाढतो. तोही सगळीकडे सारखा नाही. तंतू ओला झाला की तो लांबीला फार वाढत नाही, जाडीला फुगतो. यंत्रावर केलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात, त्यामुळे पूर्ण कागद त्या दिशेला थोडा आणि आडव्या दिशेला बराच जास्त पसरतो. ही दिशा ओळखायला नकाशा हलकेच, न मोडता, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने वाकवून बघावा. ज्या बाजूने तो सहज वळतो त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू असतात.

आता कोरडा नकाशा ओल्या खळीवर ठेवला तर काय होईल? चिकटल्यावर तो वाढू लागेल, वाढायला जागा नसेल, आणि मग बुडबुडे आणि सुरकुत्या. म्हणून चिकटवण्याआधीच नकाशाला पाण्याचा बारीक फवारा देऊन पुरता वाढू द्यायचा असतो. मग तो कापडासोबत वाळतो, आकसतो आणि चौकटीवर ताणलेल्या कापडामुळे सपाट राहतो.

पण ‘सपाट राहतो’ याचा अर्थ तो मूळ मापावर परत येतो असा नाही. ५० सेंटिमीटरचा नकाशा समजा एक टक्का वाढलेलाच राहिला, तर ५ मिलिमीटरचा फरक पडला. १:५०,००० प्रमाणावर ते २५० मीटर होतात. वाट शोधायला ही चूक चालेल, हद्द ठरवायला नाही. म्हणूनच जिथे माप हलता कामा नये तिथे मोजणीच्या मूळ नकाशांसाठी कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चढवत, आणि पुढे मापाला पक्की पॉलिएस्टरची फिल्म आली.

## खळीची निवड

कापड कोणतं यापेक्षा चिकटवायला काय वापरलं याला मी जास्त महत्त्व देतो. गव्हाच्या स्टार्चची खळ सर्वांत भरवशाची. स्टार्च म्हणजे कणीक पाण्यात धुऊन चिवट भाग वेगळा केल्यावर खाली बसतो तो पांढरा चीक. अख्ख्या पिठाचीही खळ होते आणि पूर्वी सर्रास करत, पण पिठातल्या चिवट भागामुळे ती कालांतराने कडक आणि पिवळी पडते, शिवाय किड्यांना जास्त आवडते.

एक भाग स्टार्च, चार ते पाच भाग पाणी. थोडा वेळ भिजू द्यावा, मग मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवावा. दुधी पाणी घट्ट होतं, जड होतं आणि शेवटी काचेसारखी झाक येते. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळून पाणी घालत ब्रशने सहज पसरेल इतकी सैल करावी. खळ दोन-चार दिवस टिकते. वास बदलला की टाकून द्यावी.

तिचा खरा गुण चिकटण्यात नाही, सुटण्यात आहे. शंभर वर्षांनीही ओलावा दिला की ती फुगते आणि अस्तर कागदाला इजा न करता काढता येतं. सुतारकामाचा पांढरा गोंद झटपट आणि घट्ट चिकटतो, पण वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. त्याने लावलेलं कापड पुढे काढायचं म्हटलं तर नकाशाचा पापुद्रा सोबत येतो.

## प्रत्यक्ष काम

पहिली गोष्ट, शाई तपासा. नकाशावरच्या प्रत्येक रंगावर, कोपऱ्यात, पाण्याचा एक थेंब ठेवून टीपकागद दाबा. टीपकागदाला रंग लागला तर काम तिथेच थांबवायचं. हाताने भरलेले रंग आणि घरच्या प्रिंटरवर काढलेले नकाशे इथे अनेकदा नापास होतात.

कापड साधं, न रंगवलेलं सुती घ्या. मांजरपाट किंवा थोडी जाडसर मलमल चालते. ते गरम पाण्यात धुऊन घ्या, म्हणजे गिरणीतली कांजी निघते आणि आटायचं ते आधीच आटतं. ओलं कापड लाकडी चौकटीवर ताणून टाचा. उभे-आडवे धागे चौकटीला काटकोनात हवेत. वीण तिरकी ताणली गेली तर वाळल्यावर नकाशाही तिरका ओढला जातो.

नकाशा प्लास्टिकच्या जाड, स्वच्छ शीटवर पालथा ठेवा, फवारा द्या आणि दहा मिनिटं थांबा. मग खळ मध्यापासून कडांकडे, पातळ आणि सगळीकडे सारखी लावा. ओल्या कागदात जवळपास काहीच ताकद उरत नाही, म्हणून त्याला हाताने उचलायचं नाही. प्लास्टिकसकट उचलायचं, कापडावर पालथं टेकवायचं, वरून रुंद ब्रशने मध्यापासून बाहेर हवा काढायची आणि मग प्लास्टिक एका कोपऱ्यापासून, कागदाला जवळजवळ समांतर ठेवत सोलून काढायचं. तुकडे करून चढवायचा असेल तर प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलने आधी क्रमांक घाला, कापडावर रेषा आखा आणि मधल्या तुकड्यापासून सुरुवात करा, म्हणजे बारीकसारीक चूक कडांकडे वाटली जाते.

वाळवायची घाई करू नका. माझा पहिला नकाशा मी लवकर वाळावा म्हणून उन्हात ठेवला होता. कडा आधी आकसल्या, मध्य ओलाच राहिला, आणि त्या नकाशाच्या मधोमध आजही एक फुगवटा आहे. सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, किमान एक पूर्ण दिवस चौकटीवरच राहू द्या. मगच कापड कडेने कापा.

## मग ग्रंथालयं तेच कापड का काढतात?

कारण त्यांचे नकाशे वापरून झिजत नाहीत. ते वर्षानुवर्षं पडून असतात, आणि पडून राहण्यात कागद आणि कापड यांचं जमत नाही. हवा दमट झाली की कागद पसरतो. घट्ट विणीचं कापड मात्र आखडतं, कारण धागा ओलाव्याने जाड झाला की शेजारच्या धाग्याखालून-वरून जाताना त्याला मोठा वळसा घ्यावा लागतो. हवा कोरडी झाली की उलट. एकमेकांना चिकटलेले दोन थर दर पावसाळ्यात आणि दर उन्हाळ्यात विरुद्ध दिशांना ओढत राहतात. नकाशा पोचे पडल्यासारखा होतो, जुना ठिसूळ कागद तडकतो, कापडाची वीण पुढच्या बाजूला उमटते. शिवाय पाठीवर काही लिहिलेलं असेल तर ते झाकलं जातं.

भिंतीवरच्या मोठ्या नकाशांचं दुखणं आणखी वेगळं. ते कापडावर चढवून, वर वार्निश देऊन, दांडीवर टांगत. वार्निश पिवळं-तपकिरी पडतं, त्याला भेगा जातात आणि गुंडाळताना कागद त्या भेगांवरच तुटतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे असाच एक नकाशा आला होता. सतराव्या शतकातल्या डच नकाशाकार गेराल्ड व्हाल्क यांचा जगाचा नकाशा, किड्यांनी खाल्लेला, मळलेला, चिंध्या झालेला. तिथल्या तज्ज्ञांनी तो ओलावा देऊन सैल केला, जुन्या कॅनव्हासपासून सोडवला आणि त्याची मूळ आठ पानं वेगळी केली. २०१६ मध्ये तो लोकांसमोर आला. खळ पाण्याने सुटणारी होती म्हणूनच हे शक्य झालं.

अशा नकाशांना आज कापडाऐवजी जपानी कागदाचं अस्तर देतात. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला हा कागद पातळ असूनही लांब तंतूंमुळे चिवट असतो, आणि मुख्य म्हणजे तो कागद असल्यामुळे हवेला मूळ नकाशासारखाच प्रतिसाद देतो. खळ मात्र तीच, गव्हाच्या स्टार्चची.

## ‘त्यापेक्षा चिकटपट्टी किंवा लॅमिनेशन सोपं नाही का?’

सोपं आहे. पण चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो, पिवळा-तपकिरी डाग सोडतो आणि तो डाग बहुधा कायमचा असतो. प्लास्टिकची पट्टी गळून पडते, गोंद उरतो.

लॅमिनेशनचा अनुभव तर अभिलेखागारांनी मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९३०च्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म उष्णता आणि दाब देऊन कागदपत्रांवर बसवायची पद्धत विकसित केली आणि ती पुढे अनेक संस्थांनी स्वीकारली. नंतर लक्षात आलं, की फिल्म स्वतःच खराब होते, आतल्या कागदातलं आम्ल आतच राहतं आणि ती काढणं अतिशय जिकिरीचं आहे. नवा, पुन्हा विकत मिळणारा नकाशा पावसात न्यायचा असेल तर लॅमिनेशन खुशाल करा. जो पुन्हा मिळणार नाही त्याला ते कधीही करू नका. पाणी आणि धूळ लागू नये एवढीच गरज असेल तर पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक शीटमध्ये नकाशा नुसता ठेवून कडा बंद कराव्यात. नकाशाला काहीच चिकटत नाही आणि कडा कापली की तो जसाच्या तसा बाहेर.

## ‘मग सरळ कापडावरच छापावा की!’

छापले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एमआय९ या लष्करी गुप्तचर विभागाने वैमानिकांसाठी आणि युद्धकैद्यांसाठी रेशमावर छापलेले नकाशे तयार केले. ते मुठीत मावत, कपड्यांत लपत आणि उघडताना कुरकुर आवाज करत नसत. शाई पसरू नये म्हणून तिच्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळांतला पदार्थ, मिसळण्याची युक्ती सापडली. पण कापड ओढलं की वीण सरकते आणि नकाशा वेडावाकडा होतो, बारीक अक्षरं कागदाइतकी सुबक उठत नाहीत. आज न फाटणारे नकाशे प्लास्टिकच्या तंतूंपासून केलेल्या टायव्हेकसारख्या पदार्थावर छापतात. नवा नकाशा छापायचा असेल तर तो मार्ग चांगलाच आहे. हातात असलेल्या कागदी नकाशाला त्याचा उपयोग नाही.

## ‘खळीने किडे लागणार नाहीत?’

लागू शकतात. स्टार्च हे कसर आणि झुरळांचं खाणंच आहे. म्हणून अस्तराचा नकाशा कोरड्या, हवेशीर जागी ठेवायचा आणि अधूनमधून उघडून बघायचा. पूर्वी यावर उपाय म्हणून खळीत मोरचूद, आर्सेनिक किंवा पाऱ्याची विषारी संयुगं घालत. तुमच्याकडे खूप जुना, कापडावर चढवलेला नकाशा असेल तर तो हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि त्याचं कापड कोरडं खरवडून काढण्याच्या फंदात पडू नका. आपल्या खळीत असलं काही घालायची गरज नाही.

## कोणत्या नकाशाला अस्तर लावावं

जो नकाशा तुम्ही दर सहलीला उघडता, जो छापील आहे, ज्याची शाई पाण्याला टिकते आणि ज्याची दुसरी प्रत मिळू शकते, त्याला कापड जरूर लावा. तो नकाशा वापरूनच संपणार आहे, आणि कापड त्याचं आयुष्य कित्येक पटींनी वाढवतं. हाताने काढलेला किंवा रंगवलेला, कुटुंबात एकच प्रत असलेला, पाठीवर कुणाचं हस्ताक्षर असलेला नकाशा मात्र स्कॅन करून घ्या, सपाट ठेवा आणि कागदाच्या जतनाचं काम जाणणाऱ्याला दाखवा. जुन्या नकाशावर आधीपासून कापड असेल आणि ते घट्ट बसलेलं असेल, तर तेही तसंच राहू द्या.

अस्तर लावून झालं, कापड वाळलं, कडा कापल्या, की शेवटचं एक काम राहतं. कापडाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलने तारीख लिहा, आणि खाली लिहा: ‘गव्हाच्या स्टार्चची खळ, पाण्याने सुटते.’ पुढे कधी कुणाला ते अस्तर काढायचं असेल, तर त्याला सर्वांत आधी हेच हवं असेल.